विलापाचा अभ्यास

जर्मनी,
१६ ऑक्टोबर २०२२

प्रिय प्रवीणभाऊ,

पोचल्याचं फोनवर सांगितलं होतं, पण मोठीआईच्या हातात फोन गेला की बोलायला तुझा नंबर लागतच नाही. म्हणून आपली जुनी सवय पुन्हा काढते. चंद्रपूरच्या होस्टेलात मी तुला पोस्टकार्डं लिहायचे, आता मेल लिहीत जाईन. तू मात्र तेव्हासारखं दोन ओळींत उरकू नकोस.

निघताना मोठीआईनं विचारलं होतं, "तू तिथी नेमकं काय शिकणार?" मला नीट सांगता आलं नाही, आणि याचं मला विमानात बसल्यावरही वाईट वाटत होतं. आई गेल्यापासून जिनं मला वाढवलं, तिला एवढंही सांगू नये? आता सांगून पाहते, तू तिला आपल्या बोलीत समजाव.

मी युरोपातल्या संगीताचा इतिहास शिकते, आणि त्यातही बरोक नावाच्या काळाचा. साधारण सोळाशेपासून सतराशे पन्नासपर्यंतचा. बरोक म्हणजे वेडावाकडा मोती. नंतरच्या लोकांना ते संगीत फार नक्षीचं, फार जड वाटलं, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. त्या काळात सगळं नाटकच गाण्यातून करायची पद्धत निघाली, तो ऑपेरा. देवाची गोष्ट सोंग न घेता, नुसतं उभं राहून गायची, तो ऑरेटोरिओ. रविवारी चर्चमध्ये त्याचंच धाकटं भावंड असायचं, कॅन्टाटा. नुसत्या वाद्यांचे प्रकार तर कितीतरी: सोनाटा, कंचेर्टो, नाचांच्या चाली एकामागून एक ओवलेला सूट. मला सगळ्यांत आवडतो फ्यूग. एक आवाज चाल सुरू करतो, दुसरा तीच चाल घेऊन मागून येतो, मग तिसरा, आणि कोणी कोणासाठी थांबत नाही.

पहिल्या तासाला प्राध्यापकबाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही घरून काय घेऊन आलात. एकाचे आजोबा ऑर्गन वाजवायचे. एकीच्या घरात तीन पिढ्या व्हायोलिन. मी म्हटलं, मी मिशनच्या होस्टेलात सिस्टरांकडे ऑर्गन शिकले. बाई छान हसल्या आणि म्हणाल्या, पण तुमच्या स्वतःच्या घरचं काहीतरी असेल ना? त्यांना सतार हवी होती. आमच्या घरी धान आणि मोह असतो, सतार नसते, असं सांगितल्यावर त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. तेव्हापासून त्या मला पूनाम म्हणतात.

आपला धाकटा निकेश बारावीचे राहिलेले विषय काढतोय की नाही? माझी एक-दोन गाणी पाठवते, त्याला ऐकव.

पुनम

*

मोहर्ली,
२० नोव्हेंबर २०२२

पुनम,

तुहा मेल मायले वाचून दाखवला. वेडावाकडा मोती म्हटल्यावर ती म्हणे, मंग सस्ता भेटत असंन. देवाची गोष्ट उभ्यानं गातात हे तिले पटलं नाई. बसून काऊन गात नाईत, पाय दुखत असतीन, म्हणे. मंग तिनं ईचारलं, ह्याच्यातून नोकरी भेटते का. मी म्हटलं, मास्तरीण होईन. तवा तिचं समाधान झालं.

इथी सफारीचा सिझन जोरात आहे. सकाळी गेट खुललं की जिप्सीत उभा राहून बोटं दाखवत जातो. वाघ नाई दिसला तं टुरिस्ट माह्याकडे असे पाहतात जसा मीच तो घरी बांधून ठेवला. तुहा तो फ्यूग आमी रोजच ऐकतो. पयले वानर ओरडते, मंग चितळ, मंग सांबर, सगळे एकमेकायच्या मागं. फरक एवढाच का आमच्या फ्यूगच्या शेवटी वाघ निघते.

निकेशनं बारावी सोडली म्हणजे सोडली. जिप्सी चालवाले शिकून राह्यला. तू पाठवलेले गाणे कानात घालून गाड्या धुते. त्यातली एक बाई लय उंच जाते, तिची नक्कल करते अन् मायच्या शिव्या खाते. माय म्हणे, पुनीले सांग, तिथी थंडी असंन, कान बांधून झोप.

प्रवीण

*

जर्मनी,
१४ एप्रिल २०२३

प्रवीणभाऊ,

परवा फोनवर तू एकच वाक्य बोललास. मी ते अजून पूर्ण ऐकलेलं नाही असं मला वाटतं. निकेश.

मी विचारलं, येऊ का, आणि तू म्हणालास, येऊन काय करणार, सगळं आटपलं, परीक्षा दे. मी लगेच ऐकलं. इतकं लगेच ऐकायला नको होतं.

इथे रडायला जागा नाही. खोल्यांच्या भिंती पातळ आहेत. काल शेजारच्या मुलीनं दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी हो म्हटलं आणि नळ सोडून बसले. आपल्याकडे कोणी गेलं की बाया गळ्यात पडतात, बोल लावून रडतात, एक थांबली की दुसरी उचलते. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. आता तेच हवं आहे. मोठीआई रडत असेल. तिचं रडणं फोनवर टेप करून मला पाठवशील का? एकदा तिच्यासोबत रडू दे.

आणि जमेल तेव्हा लिही, काय झालं ते.

पुनम

*

मोहर्ली,
२ मे २०२३

पुनम,

लिहाले घेतलं अन् ठेवलं, असं लय वेळा झालं.

माय अन् निकेश मोह वेचाले गेल्ते. दरवर्षी जातो तीच जागा. माय नाल्याच्या इकडच्या झाडाखाली, तो तिकडच्या. माय वेचता वेचता त्याच्याशी बोलत होती, अन् तो तिकडून हो, हो करत होता. तुले माहीत आहे त्याचं हो कसं राह्यते, अर्धं ऐकून केलेलं. मंग हो आलं नाई. मायले वाटलं पोट्टा कंटाळला. ती बोलतच राह्यली. टोपलं भरल्यावर तिनं त्याले उचलाले बोलावलं, अन् तवा नाला वलांडून गेली.

आवाज झाला नाई. वानर ओरडलं नाई, काईच ओरडलं नाई.

त्या टायमाले मी कोअरमंधी, पार आतल्या जंगलात होतो. आमच्या गाडीले तळ्यावर वाघीण दिसली होती, पिल्लायसंग. गाडीतले लोक खुशीनं माहा हात दाबून राह्यले होते. गेटवर परत आलो तं फॉरेस्टवाले माह्यासाठी उभे.

माय दिवसभर काई बोलत नाई. सांज झाली की घरामागच्या बोरीखाली बसते अन् बोल लावते. ते बोल कुणाचे शिकलेले नाई, तिचेच आहेत:

टोपलं भरलं रे बाबू, उचलाले कोण येईन,
हाक मारतो मी, तू हो म्हणत काऊन नाई.

एवढंच घुमून घुमून येते, मधात दुसरं काईतरी येते, मंग पुन्हा हेच. शेजारच्या सरिताबाई सुरुवातीले तिच्याजवळ येऊन बसत. आता तिले एकटीलेच बसू देतात.

मी लपून टेप केलं नाई. मायले ईचारलं, "पुनीनं मांगतलं, पाठवू का?" ती म्हणे, "पाठव. तिले तिथी रडाले कोण आहे? माह्या संग रडंल बिचारी."

ह्या मेलसंग पाठवून राह्यलो.

प्रवीण

*

जर्मनी,
९ डिसेंबर २०२३

प्रिय प्रवीणभाऊ,

मध्ये फोनवर बोलत होतो, म्हणून लिहिलं नाही. आज लिहिते, कारण हे फोनवर सांगता येणार नाही.

मोठीआईचं रडणं मी उन्हाळाभर ऐकलं. नळ सोडून नाही, कानात घालून, नदीच्या काठाकाठानं चालत. तिनं जसं म्हटलं होतं तसंच मी केलं, तिच्यासोबत रडले.

गेल्या महिन्यात वर्गात विलाप हा विषय निघाला. सतराव्या शतकात इटलीतल्या ऑपेरात हा एक प्रकारच होऊन बसला होता. कोणीतरी टाकून दिलेली, कोणाला तरी गमावलेली बाई एकटी गाते. तिच्या खाली खर्जात चार स्वर असतात. पायरीपायरीनं उतरतात, संपले की पुन्हा वरून सुरू होतात. बाई रागावो, आठवणी काढो, देवाला बोल लावो, खालचे चार स्वर तसेच उतरत राहतात. तिला तिथून सुटका नसते. प्राध्यापकबाईंनी ते वाजवून दाखवलं आणि मला मोठीआई ऐकू आली. "हाक मारतो मी" म्हणताना तिचा आवाज अगदी तसाच उतरतो, भाऊ. इटलीचा आणि आपल्या बोरीचा काही संबंध नाही हे मला कळतं. पण माणसाचा आवाज दुःखात कुठे जातो, हे दोन्हीकडे सारखं निघतं, याचा अभ्यास करण्यासारखा आहे.

तास संपल्यावर मी बाईंना ते ऐकवलं. त्यांनी खोलीचं दार लावलं आणि पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, पुनम, हाच तुमचा प्रबंध. त्यांनी माझं नाव पहिल्यांदा नीट उच्चारलं.

रेकॉर्डिंग फक्त अभ्यासासाठी वापरायचं आहे. मोठीआईचं नाव कुठे येणार नाही. तू तिला विचारशील ना?

पुनम

*

मोहर्ली,
२८ डिसेंबर २०२३

पुनम,

नाताळाची गर्दी आहे, थोडक्यात लिहितो.

अभ्यासाले लागते तं घे. तुह्या शिक्षणासाठी मायनं कधी कशाले नाई म्हटलं नाई, आता कायले म्हणंल. पण मी तिले आता लगेच सांगत नाई. ती आत्ता कुठी दोन घास नीट जेवून राह्यली. मले ते चार स्वरायचं समजावताही येत नाई. तू आली का तूच सांग.

घरी बसली की नाल्याकडे पाहत राह्यते, म्हणून तिले एका रिसॉर्टच्या सैपाकघरात भांड्यायच्या कामाले लावलं. तिथी बाया आहेत सोबतीले.

प्रवीण

*

जर्मनी,
२ जून २०२४

प्रिय प्रवीणभाऊ,

मोठीआईला तू एव्हाना सांगितलं असशील असं धरून लिहिते.

प्रबंध झाला. बाई म्हणाल्या, नुसतं लिहून हे कळायचं नाही, ऐकवायला हवं. म्हणून आम्ही इथल्या जुन्या चर्चमध्ये एक कार्यक्रम केला. जुन्या पद्धतीची वाद्यं, आतड्याच्या तारांची, त्यांचा आवाज आजच्या व्हायोलिनपेक्षा खरखरीत आणि जवळचा. त्यांनी ते चार उतरते स्वर धरले आणि त्यावर आम्ही मोठीआईचा आवाज सोडला. मी कोपऱ्यात छोट्या ऑर्गनवर होते. एकही सूर चुकला नाही. संपल्यावर सगळं चर्च उभं राहिलं.

वाघानं निकेशला नेलं तेव्हा आपल्याकडे पंचनामा झाला आणि पेपरात चार ओळी आल्या. इथे लोक त्याच्यासाठी उभे राहिले. मला तेवढं करता आलं.

एका कंपनीनं ते रेकॉर्ड करून नेटवर टाकलं आहे. गायिकेच्या जागी "अनाम स्त्री, मध्य भारताचं अरण्य" असं लिहिलंय. तिची ओळख झाकलेली बरी, असं बाईंचं म्हणणं पडलं आणि मलाही ते पटलं. तू ऐकशील तेव्हा कळव. मोठीआईला ऐकवायचं का, ते तू ठरव.

पुनम

*

मोहर्ली,
१५ डिसेंबर २०२४

पुनम,

तुह्या जूनच्या मेलले उत्तर दिलं नाई. फोनवरही तो विषय येऊ दिला नाई. मायले काईच सांगतलं नव्हतं अन् ते तुले लिहाची हिंमत होत नव्हती. आता ती गोष्ट सांगाची गरजच राह्यली नाई.

मागच्या शनवारी सकाळची सफारी आटपून लोक रिसॉर्टवर नाश्त्याले आले. तिथं नवीन मॅनेजर आला आहे. त्यानं लॉनवर स्पीकर लावले, त्यावर जंगलाचं म्युझिक म्हणून काईबाई चालू राह्यते, पाण्याचा आवाज, पाखरं. मी गाडीपाशी उभा होतो. पयले तारेचं काईतरी वाजलं, खाली खाली उतरत जाणारं. मंग मायचा आवाज आला.

मले वाटलं ती आतमंधी रडून राह्यली. मी सैपाकघराकडे पळालो. ती दारातच भेटली, हातात काथ्या, कोपरापर्यंत फेस. तोंड बंद होतं तिचं, अन् आवाज तिचाच येऊन राह्यला होता.

ती लॉनवर गेली. खांबाले पाठ लावून तिनं ते पुरं ऐकलं. लोक खाऊन राह्यले होते. "टोपलं भरलं रे बाबू" आलं तवा एका बाईनं टेबलावर बोटानं ठेका धरला. वाईट हेतू नाई तिचा. तिले वाटलं गाणं आहे.

मी मॅनेजरले म्हटलं, बंद करा, हे माही माय होय. त्यानं लगेच बंद केलं. पण मंग तोच कौतुकानं लोकायले सांगत सुटला. सगळे उठून आले. एक जण मायच्या पाया पडला. एकीनं तिचा ओला हात हातात घेऊन फोटो काढला. कुणीतरी म्हणे, एकदा आमच्यासमोर म्हणा ना, थोडंसं. माय माह्याकडे पाहत होती. वाघ पाह्यला की चितळ पाह्यते तशी नाई. तिले माह्यावरच शंका आली होती.

मी तिले गाडीवर मागं बसवून घरी आणलं. उतरल्यावर ईचारलं, "पुनीनं माह्या रडण्यासंग वाजवलं काऊन?"

मी गाडी भिंतीले लावाले लागलो. मंग तीच म्हणे, "मी निकेशले ऐकू जावं म्हणून रडत होतो. त्या लोकायले ऐकाले नाई."

तवापासून सांजच्याले बोरीखाली बसते, पण रडत नाई. आधी रडायची तवा मले वाटे, बंद व्हावं. आता बंद झालं तं घरात थांबवत नाई.

प्रवीण

*

जर्मनी,
१८ डिसेंबर २०२४

प्रवीणभाऊ,

तुझा मेल आल्यापासून मी कंपनीला रोज लिहिते आहे. काढून टाका म्हणते. ते म्हणतात, तुमची सही आहे, आता ते शेकडो ठिकाणी गेलं आहे, कुठून कुठून काढणार. बाईंकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, खरं दुःख कोणा एकाचं राहत नाही, ते सगळ्यांचं होतं. हे वाक्य माझ्याच प्रबंधात आहे. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं होतं.

पण भाऊ, मी विचारलं होतं. तू घे म्हणालास. मोठीआईला मी सांगीन म्हणून तू थांबलास आणि तू सांगितलं असशील म्हणून मी. सगळं माझ्या एकटीच्या पदरात टाकू नकोस. मी काही तिचं रडणं विकायला निघाले नव्हते. दोन वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या आजोबांचं संगीत शिकते आहे. एकदा, एकदाच मला विचारल्यावर सांगता आलं, की हे माझ्या घरचं.

चर्च निकेशसाठी उभं राहिलं असं मी लिहिलं होतं. आज पुन्हा वाचलं. त्यांच्यातल्या कोणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. मी कुठे सांगितलंच नव्हतं.

फेब्रुवारीत येते. मोठीआईशी मीच बोलते.

पुनम

*

जर्मनी,
१० मार्च २०२५

प्रवीणभाऊ,

स्टँडवर सोडताना तू विचारलंस, माय काय बोलली, आणि मी बस आली म्हणून टाळलं. तू गेटवर गेला होतास तेव्हाचं सांगते.

मी आत गेले तर तिनं लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसलेलं होतं. घर सारवलेलं. मी खाली बसायला लागले तर तिनं शेजारून आणलेली प्लास्टिकची खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बसा." मला वाटलं माझ्यामागे कोणी आलंय. मी वळून पाहिलं.

मी सगळं सांगितलं. चार स्वरांचं, चर्चचं, सहीचं. माफी मागितली. ती ऐकत होती, मध्ये मध्ये मान हलवत होती, साहेब लोक काही सांगतात तेव्हा हलवते तशी. मग उठून ताट वाढलं. वडे केले होते, माझ्या आवडीची भाजी केली होती. मी म्हटलं, मोठीआई, तू बस ना माझ्याजवळ. ती म्हणाली, "तुमी जेवा, मी मंग जेवतो."

"मले तुमी काऊन म्हणून राह्यली?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आपली बोली निघाली.

ती म्हणाली, "मोठ्या झाल्या ना तुमी."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला भांडता येतं, त्यातून पुन्हा जवळ येता येतं. तिनं खरोखर आदरानं म्हटलं. मी खुर्चीवर बसून जेवले, ती चुलीपाशी उभी राहिली. निघताना मी पाया पडले तर ती दोन पावलं मागे सरकली.

दुसरी गोष्ट तुला माझ्याकडूनच कळावी. कंपनीनं एवढंच केलं, की माझ्याच मेलांतून मोठीआईचं नाव उचलून "अनाम" होतं तिथे "वच्छलाबाई, मोहर्ली" असं घातलं. मी हे मागितलं नव्हतं. त्यांना वाटलं, मला नाव हवंय.

आणि मला इथे डॉक्टरेटची जागा मिळाली आहे. विषय विलापच. ह्या एका रेकॉर्डिंगवर ती मिळाली हे मला ठाऊक आहे. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर परत यावं लागलं असतं, आणि परत यायला माझ्याकडे जागा नाही हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तुला राग येईल. येऊ दे. पण उत्तर लिही.

पुनम

*

मोहर्ली,
६ जुलै २०२५

पुनम,

राग आला होता, आता नाई. उत्तर लिही म्हटलं म्हणून लिहितो.

मागच्या हप्त्यात सरिताबाईचा नवरा हरिदास गेला. वाघानं नाई, साध्या तापानं. दवाखान्यात न्याले उशीर झाला. गावातल्या बाया जमल्या. मायले सगळ्यायनं वाट करून दिली, काऊन की बोल लावण्यात तिच्यासारखी कोणी नाई. तिनं दारातच थांबून सांगतलं, मोबाईल बाहेर ठेवा. कुणी काऊन म्हणून ईचारलं नाई, सगळ्यायले माहीत आहे. बायायनं, पोट्ट्यायनं एकेक करून सुपात ठेवले. ते सूप घेऊन मी अंगणात उभा राह्यलो.

मायनं सरिताबाईले पोटाशी घेतलं अन् तोंड उघडलं. आवाज आला, बोल नाई आले. नुसतं कण्हणं. बाया थांबून राह्यल्या होत्या, तिच्या मागून उचलाले. ती पुन्हा घे, पुन्हा तेच. मंग सरिताबाईच रडता रडता मोडके बोल लावाले लागली, स्वतःच्या नवऱ्यासाठी स्वतःच. बाकीच्यायनं ते उचलले. माय तिची पाठ थोपटत बसली. घरी आल्यावर मले म्हणे, "मी तोंड उघडलं की मले त्या तारा ऐकू येतात."

मी तुहा मेल तिले वाचून दाखवला नाई. डॉक्टर होणार एवढं सांगतलं. चांगलं झालं, म्हणे. खरंच म्हणे.

कंपनीनं नाव टाकलं तवापासून लोक गेटवर तिचं नाव घेऊन ईचारतात. मी नाई माहीत म्हणतो. मायनं रिसॉर्टचं काम सोडलं, आता घरीच असते. परवा दोघं जण कुणाले तरी पुसत पुसत घरापर्यंत आले. मी घराजवळच्या धानाच्या बांधीवर होतो, तिथूनच पाहून-ऐकून राह्यलो होतो. दारात मायच उभी होती, तांदूळ पाखडत. त्यायनं ईचारलं, वच्छलाबाई इथीच राहतात का?

मायनं सूप खाली ठेवलं. म्हणे, "वारली."

त्यायले लय वाईट वाटलं. माह्या मायसमोर हात जोडून उभे राह्यले, घराचा एक फोटो काढला, अन् गेले.

प्रवीण